आरसा फुटला, पण कोणी?

भिंगरीचा निबंध परत आला तेव्हा पाचशे शब्दांपैकी फक्त एकाच शब्दाभोवती लाल गोल होता. शब्द होता "फुटला". शेजारी बारीक अक्षरात एवढंच लिहिलेलं : "कोणी?"

विद्यापीठात इतिहासाच्या पदवीला जागा उरली होती एक आणि तिच्याकडे आशाळभूतपणे बघणारे होते चौघं. विभागाने चौघांनाही काम दिलं होतं : आपल्या घरातल्या एका घटनेचा इतिहास लिहा, पुराव्यासकट. आधी कच्चा, मग मुलाखतीच्या दिवशी पक्का. भिंगरीला दुसरं काहीही शिकायचं नव्हतं. तिने बाबांच्या फ्रेमच्या दुकानातल्या मोठ्या आरशावर लिहिलं होतं आणि शेवट तर असा ठोकला होता की वाचून तिलाच काटा आला : "आरसा फुटला, मामा रुसून दुकान सोडून गेला आणि एका पर्वाचा अंत झाला."

"छान रंगलंय," विभागप्रमुख बाई चष्मा कपाळावर सरकवत म्हणाल्या होत्या, "पण फूल उमलतं, पाणी उकळतं, ते ठीक. आरसे आपणहून फुटत नाहीत. राज्यंही नाही फुटत."

भिंगरी तरातरा दुकानात आली. बाबा एका फ्रेमला खिळे ठोकत होते.

"बाबा, आरसा कोणी फोडला?"

"तुझ्या शिडीमामाने. जगजाहीर आहे."

"तुम्ही बघितलं?"

"मी गिऱ्हाइकाकडे फ्रेम पोचवायला गेलो होतो. आलो तर आरशाचा सत्यानाश आणि शिडी त्याच्या खांद्यावर. आणखी काय हवं तुला, सही-शिक्का?"

"आई, तू?"

"मी आत काचा पुसत होते," आई म्हणाली. "खाडकन आवाज आला. बाहेर येते तर मामा शिडी धरून उभा आणि तू भोकाड पसरलेलं."

"म्हणजे बघितलं कोणीच नाही!" भिंगरीने टाळी वाजवली. "आणि तेरा वर्षं त्याला शिडीमामा म्हणताय!"

बाबांनी हातोडी खाली ठेवली. "हे बघ, तू इतिहास शीक, वाटेल ते शीक, पण माझ्या दुकानात पोलीस ठाणं उघडू नकोस."

पण आता भिंगरी कुणाचं ऐकते! टेप घेऊन ती आरशासमोर पालथी पडली. एवढी जाड काच पुन्हा मिळायची नाही म्हणून बाबांनी तो आरसा कधी काढलाच नव्हता. त्याच्यासमोर फ्रेम धरून उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकाच्या बरोबर नाकावरून तडा जायचा. आजवर सगळ्यांनी तेवढंच बघितलं होतं, नाकावरचं. तडा सुरू कुठून होतो हे बघायला खाली कोण वाकतंय? तो सुरू होत होता जमिनीपासून दोन फुटांवर. तिथे नखाएवढा अर्धा चंद्र उडालेला होता आणि सगळ्या रेघा त्यातूनच फुटल्या होत्या.

"खांद्यावरची शिडी दोन फुटांवर कशी लागेल?" ती पालथी पडूनच ओरडली. "मामा काय रांगत होता?"

आई खो खो हसली. मग तिने अल्बम काढून दिला. त्यात बालवाडीच्या पहिल्या दिवशीचा फोटो होता, सकाळी याच आरशासमोर काढलेला. आरसा अख्खा. भिंगरी चार वर्षांची, दोन शेंड्या, आणि हातात कडी असलेला चकचकीत नवा डबा.

डबा अजून दुकानातच होता. बाबा त्यात खिळे ठेवायचे. त्याच्या कडेला एक पोचा होता, लहानपणापासून तिच्या अंगठ्याच्या ओळखीचा. तिने डबा उचलला आणि पोचलेली कड आरशातल्या अर्ध्या चंद्रात धरली.

चपखल बसली.

बाबांची हातोडी हवेतच थांबली.

तेवढ्यात मामा रोजच्यासारखा चहाला आला, बसच्या ड्रायव्हरचा शर्ट अजून अंगावर. त्याने डबा बघितला, आरसा बघितला, भाचीचा चेहरा बघितला आणि दाराकडे वळला.

"थांब! शिडी लागली असं तू कधी सांगितलंस?"

"मी कुठे सांगितलं? ते तुझ्या बाबांनी ठरवलं. मी म्हटलं, आरसा फुटला. बास."

"खोटं बोललास!"

"खोटं कसलं? फुटलाच होता की!" मग तो स्टुलावर बसला. "अगं, शाळेचा पहिला दिवस. डबा गरगर फिरवत आलीस आणि... तू रडत होतीस, बाबा ओरडत होते. म्हटलं, पहिल्याच दिवशी पोरीला ओरडा नको."

"आणि रुसून गेलास ते?"

"रुसायला काय झालंय? बसची नोकरी आधीच पक्की झाली होती. तुझ्या त्या पर्वाचा अंत वगैरे मी वाचला, भिंगरे. एकटाच हसत होतो बसमध्ये."

म्हणजे निबंधातलं एक वाक्य खरं निघेल तर शपथ! मुलाखत उद्या.

"शिडीच राहू दे," मामा म्हणाला. "मला सवय झालीय. उगाच जागा घालवशील."

बाबा घसा खाकरून म्हणाले, "नाहीतर 'माझ्याकडून फुटला' लिही. जरा मऊ लागतं."

भिंगरीने तसं लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं.

दुसऱ्या दिवशी बाईंसमोर तिने पहिलंच वाक्य वाचलं : "आरसा मी फोडला."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "पहिला मसुदा जास्त रंगला होता."

"हो. पण तो खोटा होता."

"पुरावा?"

भिंगरीने पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. तो रिकामा करायचं राहूनच गेलं होतं, त्यामुळे खिळे खळ्ळकन वाजले.

"आणि 'माझ्याकडून फुटला' असं का नाही लिहिलंस?"

"लिहिलं होतं. पण तुम्ही त्याच्याभोवतीही गोल केला असता."

बाई अशा हसल्या की कपाळावरचा चष्मा थेट नाकावर येऊन बसला.

संध्याकाळी विभागाच्या फळ्यावर एकच नाव लागलं. भिंगरीने तिथूनच दुकानात फोन लावला. तो मामाने उचलला.

"मामा, जागा मिळाली!"

पलीकडे खिळ्यांची खटखट, बाबांचं "काय झालं, काय झालं", आणि मग मामाचा अगदी मास्तरी आवाज :

"मिळाली? आपणहून?"

भिंगरीने जिन्यातच एक गिरकी घेतली.

"मिळवली, मामा! मी मिळवली!"