राहीच्या बोटातले अंगुस्तान

मी एक जुने पितळी अंगुस्तान आहे. मित्रांनो, शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ती एवढीशी टोपी म्हणजे मी. राजापूरच्या एका तांबटाने पत्र्याचा तुकडा ठोकून मला आकार दिला आणि अंगभर बारीक खळगे पाडले. सुईचे डोके त्या खळग्यांत टेकते, सहसा निसटत नाही. माझे काम एवढेच. पण ते करता करता मी एक घर सुखात नांदताना पाहिले, आणि तेच घर उसवतानाही पाहिले.

ही एकोणीसशे पंचवीस-सव्वीसच्या सुमाराची गोष्ट. पालीजवळच्या एका वाडीतल्या लवू नावाच्या शेतकऱ्याने मला बाजारातून आणले ते आपल्या बायकोसाठी, राहीसाठी. तिने मला बोटात घातले, हात उंच धरला आणि म्हणाली, "बघा तरी, जशी काय सोन्याची अंगठीच आणलीत!" लवू लाजून गोठ्याकडे निघून गेला.

त्या घरातले सगळ्यांत आनंदाचे दिवस म्हणजे आश्विनातले. पाऊस ओसरलेला असे, कातळावरचे गवत पिवळे पडू लागे, दुपारी ओटीवर ऊन येई. राही जुनी लुगडी धुऊन, वाळवून एकावर एक अंथरी आणि गोधडी शिवायला बसे. तिची लेक मालन तेव्हा दुधाचे दात पडायच्या वयाची. ती आईच्या मांडीला टेकून म्हणे, "आये, मना पण शिकव ना गो."

राहीने तिला एक चिंधी दिली, सुईत दोरा ओवून दिला आणि मला तिच्या बोटात घातले. मी तिच्या बोटात गरगर फिरे, इतके ते बोट बारीक. खेकड्यासारखे तिरपे गेलेले तिचे टाके पाहून राही हसली. "हे टाके की कुर्लीचे पाय?" ती ते उसवू लागली, तशी सासू मथुरा दारातून ओरडली, "उसवू नको गो! पोरीन पयल्यांदा सुई धरलीय."

त्या वर्षी दिवाळीला मायलेकींनी चिंध्यांच्या चिमण्या शिवून दाराला तोरण बांधले. वाडीतल्या बायका ते बघायला आल्या. मथुरा प्रत्येकीला सांगे, "ती वाकड्या चोचीची हाय ना, ती आमच्या मालनची."

असेच काही आश्विन गेले. मग एका दुपारी राही गोधडीचा काठ शिवत होती. सुई माझ्यावरून निसटली आणि तिच्या डाव्या हाताच्या बोटात खोल शिरली. मला वाटले, आता ती हात झटकील. ती शिवतच राहिली.

"आये, रगत!" मालन ओरडली. "गोधडीवर रगत पडतंय!"

राहीने बोटाकडे पाहिले. ते जणू दुसऱ्या कुणाचे असावे तसे. मग तिने सुई उचलून मुद्दाम पुन्हा टोचली. काहीच कळले नाही. तिच्या कोपराजवळ एक फिकट चट्टा होता, तो ती पदराखाली झाकत असे. आता तो मथुराने पाहिला आणि मालनला खसकन आपल्याकडे ओढले.

सरकारी दवाखान्यात महारोग असल्याचे सांगितले. मित्रांनो, तेव्हा त्या रोगावर खात्रीचे औषध नव्हते, आणि भीती मात्र अफाट होती. वाडीने राहीला विहिरीवर येऊ दिले नाही. मथुरा रडत रडत मुलाला म्हणाली, "हिला घरात ठेवलंस तर पोरीला कोण पदरात घेईल, लवू?" लवू मान खाली घालून बसला होता.

शेवटी राहीच म्हणाली, "मी जाते. फक्त मालनला आत कोंडा. नायतर ती धावत येऊन बिलगेल." तिने मला बोटातून काढून उंबऱ्यावर ठेवले. आतून मालन दार बडवत होती. राहीने एकदाही मागे पाहिले नाही. पाहिले असते, तर तिचे पाऊल उचलले नसते.

तिच्यामागे मथुराने साऱ्या गोधड्या अंगणात जाळल्या. त्याच आगीत चिमण्यांचे तोरण टाकले, मलाही टाकले. मी काळे पडले, पण जळले नाही. मालनने गार झालेली राख चाळून मला शोधले आणि करवंटीत घालून आढ्याला लपवले. पुढे कितीतरी दिवाळ्या मी तिथेच धूळ खात पडले होते. त्या घरात कुणी सुई हातात धरली नाही.

मालन मोठी झाली. राही घर सोडून गेली, गोधड्या जळल्या, तरी येणारी स्थळे आईची गोष्ट कळताच परत जात. मग एका आश्विनात मालनने मला खाली काढले, चिंचेने घासले आणि उघड्या ओटीवर शिवायला बसली.

"कुणाला गो?" मथुराने विचारले.

"आयेला."

म्हातारी आत गेली. बऱ्याच वेळाने ती पेटीतले आपले ठेवणीतले लुगडे घेऊन आली. "हे गोधडीच्या मधी घाल. मऊ हाय," एवढेच बोलून ती भिंतीकडे तोंड करून बसली.

गोधडी पुरी झाल्यावर लवू आणि मालन ती घेऊन राहीकडे गेले; मी मालनच्या बोटातच होते. महारोग्यांसाठी गावाबाहेर एक जागा होती, घर सोडल्यापासून राही तिथेच राहत होती. त्या जागेभोवती गडगा होता, दगडांवर दगड रचलेली कमरेएवढी भिंत. राही बाहेर आली. मालन धावली.

"थांब थयंच!" राही ओरडली. इतक्या वर्षांनी लेकीने आईचा हा पहिला शब्द ऐकला.

मालनने गोधडी गडग्यावर ठेवली आणि मागे सरली. राहीने ती दोन्ही मनगटांनी उचलली. मित्रांनो, मला घालायला तिच्या हातावर बोट उरले नव्हते. तिने तळवा टाक्यांवरून फिरवला, पण त्याला काही कळेना. मग तिने गोधडी गालाला लावली आणि काठावरून हळूहळू गाल फिरवत नेला.

"सरळ आलेत गो," ती म्हणाली. "एकसारखे आलेत."

"आये, जवळ येऊ?"

"नको बाय. तू बरी हायस, म्हणून मी जगतेय."

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. निरोप आला तेव्हा सारे होऊन गेले होते. मालन त्या दिवशी रडली नाही. मथुरा मात्र पदर तोंडात कोंबून रडली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे आम्ही जुन्या वस्तू नेहमीच सांगतो. माझे मागणे थोडे वेगळे आहे. रोगाला भ्यावे लागले तर भ्या, पण आपले माणूस टाकू नका. तेवढेही धैर्य झाले नाही, तर निदान गडग्यापर्यंत जा आणि हाक मारा. आतले माणूस कान देऊन बसलेले असते.