बटणाच्या वायरीचा जोड

कारखान्यात तिला सगळ्याजणी 'घार' म्हणायच्या. बावीस वर्षं ती तपासणीच्या टेबलावर भिंगाखाली सर्किट बोर्ड धरत आली होती. कुणाचा एक कच्चा जोड तिच्या नजरेतून सुटला नव्हता. "घारीने पास केलं की समजायचं, आता देवसुद्धा नापास करणार नाही," असं म्हणून पोरी हसायच्या.

आई अंथरुणाला खिळली, आवाज इतका खोल गेला की हाक स्वयंपाकघरापर्यंत पोचेना. तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, मी घंटी करतो. आईच्या उशाशी बटण, तुझ्या ओट्यापाशी भोंगा."

"बाजारात तयार मिळते की."

"मिळू दे. मी करतो."

त्याची नोकरी सुटून तीन वर्षं झाली होती. मधल्या आजारपणात हात थरथरायला लागले आणि तो स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा वावरू लागला. तो आपणहून काही करतो म्हणाला, हेच खूप होतं.

रविवारी सकाळी त्याने टेबल मुद्दाम आईच्या खोलीत लावलं. काडेपेटीएवढा बोर्ड, सोल्डरची तार, धुराची बारीक रेघ.

"घर पेटवशील रे," आई पुटपुटली.

"पेटलं तर घंटी वाजव, ताई येईल धावत," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी आई खुदकन हसली.

दुपारी त्याने बोर्ड बहिणीच्या हातात दिला. "घारबाई, करा पास."

तिने भिंग लावलं. सहा जोड लख्ख होते. बटणाच्या वायरीचा मात्र मळकट, खरखरीत. सोल्डर पुरतं वितळण्याआधीच हात हलला असणार. कारखान्यात तिने डोळे मिटून लाल खूण केली असती. तिने मान वर केली. तो हात पुसत उभा होता आणि आई त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"छान झालंय," ती म्हणाली.

नऊ दिवस घंटी वाजली. कधी पाण्यासाठी, कधी उगीचच. "वाजते का बघत होते गं," आई म्हणायची.

आईसाठी रजा घेऊन ती घरीच होती; दहाव्या दिवशी दुपारी ओट्यापाशी भाजी चिरत होती. घंटी वाजली नाही, म्हणजे आई झोपली असेल असं तिने धरलं. तासाभराने खोलीत गेली. आई कुशीवर कलंडलेली होती, बटण मुठीत, अंगठा त्यावर घट्ट दाबलेला.

"तुम्ही शेजारी बसला असता तरी काही करता आलं नसतं," डॉक्टर म्हणाले. तिने ते ऐकलं, पण मनाला पटेना.

नातेवाईक पांगल्यावर तिने घंटीची डबी उघडली. त्या जोडाभोवती केसाएवढी चीर गेली होती. वायर बोटाने हलत होती.

"वाजली नव्हती का त्या दिवशी?" दारातून भावाने विचारलं.

बॅटरी संपली होती, हे खोटं तिच्या अगदी जिभेवर आलं. पण बोलवेना.

"बटणाचा जोड सुटलाय."

"माझा जोड." तो खाली बसला.

"मला त्याच दिवशी दिसला होता."

त्याने डबी घेऊन ती वायर बोटाने हलवून पाहिली. मग म्हणाला, "सांगितलं का नाहीस?"

"तू इतका खूश होतास."

"दोन मिनिटांचं काम होतं, ताई. मी परत केलं असतं. चिडलोही नसतो." तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. "तूही मला सांभाळून घ्यायचा माणूसच समजलीस."

त्याच महिन्यात तो दुसऱ्या शहरात कामाला लागला. तिने कारखान्यात तपासणीचं टेबल सोडून पॅकिंग मागून घेतलं. कारण कुणाला सांगितलं नाही.

रविवारी त्याचा फोन येतो. जेवलीस का, तब्येत कशी आहे, एवढंच विचारतो. मग दोघंही गप्प होतात, पण फोन लवकर कुणी ठेवत नाही.