रामिरोचा वाटा

रामिरोचं ताट उचलायला कोठीवाल्या फोर्तुनने हात पुढे केला, तोच सुएरोंनी त्यावर पंजा ठेवला. कास्तिय राज्याच्या सरहद्दीवरचा हा गड संसाराची मुभा असलेल्या शिलेदार-साधूंच्या पंथाचा होता आणि सुएरो त्या पंथाचे प्रमुख.

"राहू दे."

"सरकार, महिना होत आला. रोज वाढायचं आणि रोज कुत्र्यांपुढे टाकायचं. गेलेल्याचा वाटा चाळीस दिवस दारच्या गरिबाला, हा नेम तुम्हीच आम्हाला शिकवलात."

"गेलेल्याचा ना? माझ्या पोराचं प्रेत कुठे सापडलंय?"

फोर्तुनने हात मागे घेतला. नदीच्या उतारावर रामिरोला भाला लागून पडताना त्याने पाहिलं होतं, आणि तसं सांगितलंही होतं. आघाडीला कुणाला धाडायचं, हे मात्र सुएरोंनी ठरवलं होतं. दुसऱ्याच्या पोराला कसं पुढे करायचं, म्हणून त्यांनी आपल्याच पोराला पुढे केलं. तेव्हा सगळ्या शिलेदारांनी त्यांचं कौतुक केलं होतं. आता कुणी ते कौतुक काढलं की सुएरो उठून जायचे.

"दारात एक बाई बसलीये," फोर्तुन हळूच म्हणाला. "गाव जळालंय तिचं. कोठीत धान्य नाही, नेमाबाहेर घास देता येत नाही. तुमच्या हट्टापायी तिने का उपाशी राहायचं?"

 सुएरो ताट स्वतःच उचलून बाहेर आले.

बाई त्यांना ओळखत नव्हती. असेल कुणी म्हातारा वाढपी, असं तिला वाटलं. मसूर आणि पाव पाहून ती पुढे सरकली, तरी तिने घास घेतला नाही. आधी मेलेल्याच्या नावाने प्रार्थना, मग जेवण, ही रीत तिला ठाऊक होती.

"नाव काय त्यांचं, बाबा?"

सुएरोंचे ओठ हलले. पोराचं नाव काही केल्या बाहेर पडेना. एकदा ते मेलेल्यांत घेतलं की परत आणायचं कुठून?

"सुएरो," ते म्हणाले.

मागे उभ्या असलेल्या फोर्तुनने चटकन मान वर केली.

"कसे गेले?"

"पोराला मागे ठेवलं आणि स्वतः आघाडीला गेला."

"बापच तो. अशासाठी प्रार्थना दोनदा म्हणते."

तिने डोळे मिटले. सुएरोंनी टोपी काढली आणि ती थांबेपर्यंत मान खाली घालून ऐकलं.

"आणि पोरगा?" पाव मोडता मोडता तिने विचारलं. "तो तरी वाचला ना?"

"हो," सुएरो म्हणाले. "जेव आता, बाई."