घरून न होणारा नेम

"दूर्वा आपल्या हातानं खुडायच्या, आपल्या पायानं न्यायच्या. दुसऱ्याच्या हाती धाडल्यास तर तो नेम नव्हे, टपाल झालं." सासूबाईंनी शेवटच्या आजारात हे सांगितलं, मी हो म्हटलं. तेव्हापासून चिंचवडच्या मोरयाला माझी जुडी रोज जाते. देऊळ घरापासून दोन गल्ल्यांवर होतं.

मग माझ्या मुलाच्या, कुलदीपच्या कंपनीनं घरून काम दिलं. ऑफिसलाच जायचं नाही तर शहरात कशाला राहायचं, म्हणून यानं पार चाकणच्या पुढं, शेतात उगवलेल्या इमारतीत मोठा फ्लॅट घेतला. हिशेब पक्का. प्रवास शून्य, म्हणजे याचा. सून तेजल चिंचवडला दवाखान्यात नर्स आहे आणि सुई काही घरून टोचता येत नाही, एवढं त्या हुशार डोक्यात बसलं नाही. ती आता पहाटेची बस धरते.

माझ्या नेमाचं विचारलं, तर म्हणाला, "मी घरीच असणार ना, आई. गाडीनं रोज नेईन." नेलं, नाही कशाला म्हणू? आधी सकाळी, मग मीटिंग आली म्हणून दुपारी, मग संध्याकाळी. नेम झाल्याशिवाय खायचं नाही, म्हणून तोवर मी उपाशी आणि जुडीनं माना टाकलेल्या. जिमला मात्र गाडी वेळेवर निघायची. घरी बसून पोट सुटलं होतं ना.

परवा कंपनीचा निरोप आला, सोमवारपासून रोज हिंजवडीच्या ऑफिसात हजर व्हा. झालं. इतक्या लांबून रोज कसं जायचं, तळेगाव चौकातल्या कोंडीतच निम्मा जन्म जाईल, या लोकांना काही माणुसकी आहे की नाही, असं त्याचं दिवसभर चाललं होतं. जणू घर कंपनीनंच उचलून इथं आणून ठेवलं.

रात्री जेवताना म्हणाला, "आता तुला न्यायला जमायचं नाही, आई. मोबाईलवर थेट दर्शन असतं, ते घेत जा. देवाला काय, सगळं सारखंच."

मी त्याला भात वाढला. म्हटलं, "मग तुझ्या साहेबांनाही मोबाईलवरच दर्शन दे की."

तेजल ओट्याकडं तोंड करून हसली. त्यानं पापड जोरात मोडला.

सोमवारी तो आंघोळीला गेला होता. मी पहाटेच अंगणातल्या, म्हणजे पार्किंगच्या कडेच्या, दूर्वा खुडून आणल्या होत्या. जुडी ओल्या फडक्यात गुंडाळली, कडी आवाज न करता ओढली आणि तेजलच्या मागोमाग बसथांब्याकडं निघाले.