नाल्यापलीकडचा बांबू

लामत्याच्या डोंगरातला बांबू कागद कारखान्यासाठी ठेकेदाराला मिळाला, त्या साली तिथल्या बुरडांच्या घरांत सुपं विणणं थांबलं. त्याआधी गावाला निस्तार म्हणून सरकारी जंगलातून हक्काचा बांबू मिळायचा. आता जंगलाच्या तोंडाशी ठेकेदाराचा मुन्शी खाट टाकून बसे आणि कुणालाही आत सोडत नसे.

शेवंताबाई विधवा होती. आंधळी सासू आणि ती, दोघींचं पोट सुपा-टोपल्यांवर. तिचा धाकटा भाऊ डोमाजी त्याच ठेकेदाराकडे मुकादम होता. ती त्याच्याकडे गेली.

"बाई, मुन्शी कोनाचं आयकत नाही," तो खाली बघत म्हणाला. "मी काय करू?"

"नको करू काही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती नाल्याच्या बाजूने आत शिरली. थोडे हिरवे बांबू तोडून मोळी बांधत असतानाच ठेकेदाराच्या माणसांनी तिला धरलं आणि ट्रक भरत होते तिथं आणून उभं केलं. बांबू तोडणारी गोंड माणसं कुऱ्हाडी खाली करून बघू लागली.

"चोरनी है," मुन्शी म्हणाला. त्याने दोरी डोमाजीच्या अंगावर फेकली. "बांध इसके हाथ. नाके पर ले चल."

डोमाजी जागचा हलेना. सगळ्यांना ठाऊक होतं, ती त्याची सख्खी बहीण आहे. मुन्शीलाही.

शेवंताबाईनेच हात पुढे केले. "बांध रे डोमा. नाही तं तुये लेकरं उपाशी राह्यतीन."

त्याने दोरीचा एक फेरा दिला. दुसऱ्या फेऱ्याला त्याचे हात थांबले. त्याने दोरी सोडवली आणि मुन्शीकडे वळला.

"मैंने ही बोला था इसको काटने. मेरे को ले चलो."

मुन्शीने त्याच्या थोबाडीत मारली. तेव्हा तोडणाऱ्यांतला सर्वांत म्हातारा, बुधराम, चालत जाऊन भरलेल्या ट्रकपुढे बसला. मागून त्याची बायको बसली, मग एकेक करत सगळेच. मुन्शी काठी उगारून ओरडत राहिला. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं, गाडी हातभर पुढे घेतली. बुधरामने मान खाली घातली, पण तो उठला नाही. ड्रायव्हर शिवी हासडून खाली उतरला आणि गाडी बंद करून सावलीत जाऊन बसला.

मुन्शीला शेवंताबाईला सोडावं लागलं. काम कित्येक दिवस बंद राहिलं. शेवटी जंगलखात्याचा रेंजर आला. नाल्यापलीकडचा उतार बुरडांच्या निस्ताराला ठेवायचा, बाकी सगळं ठेकेदाराचं, असं त्याने ठरवलं. तोडणाऱ्यांच्या घरातले तांदूळ संपत आले होते. ते कामावर परतले. डोमाजीला मात्र ठेकेदाराने पुन्हा कामावर घेतलं नाही, आणि त्याबद्दल रेंजर काही बोलला नाही.

डोमाजी तिरोडीच्या खाणीत जायला निघाला, तेव्हा शेवंताबाई मोटारीपर्यंत सोबत गेली.

"रागावली काय वं बाई? दोरी घेतली म्हनून?"

"हौ," ती म्हणाली. "लय राग आलता."

त्याने मान हलवली. तिने फडक्यात बांधलेल्या भाकरी त्याच्या हातात दिल्या.

पुढच्या हंगामात मुन्शीची माणसं नाल्यापलीकडे कुऱ्हाडी घेऊन आली. शेवंताबाई आणि बुरडांच्या बाया आधीच तिथं उभ्या होत्या.