तोफेचा दोष

देवेंद्र मुळ्यांच्या मोठ्या लेन्सला घरात तोफ म्हणत. ती गळ्यात अडकवून ते शनिवारी खो-खोच्या सामन्यांना जात आणि रविवारी सिरपूर तलावावर पक्ष्यांमागे. अन्नपूर्णा भागातल्या त्यांच्या गल्लीत त्यांना फोटोग्राफर म्हणून कमी आणि एका खांद्यानं वाकलेला माणूस म्हणून जास्त ओळखत.

गेल्या थंडीपासून फोटो हललेले येऊ लागले. फोटोग्राफीच्या क्लबातल्या सगळ्यांचं एकमतानं निदान झालं, की दोष तोफेचा. मानस धोंगडे धंद्यानं दातांचा डॉक्टर, पण सल्ला सगळ्याच अवयवांबद्दल द्यायचा. त्यानं हलकी लेन्स घेतल्यापासून तो नव्यानं दीक्षा घेतलेल्यासारखा प्रचार करत होता. बायको, वसुधाही रोज म्हणे, खांदा दुखतो ना, मग घेऊन टाका हलकी.

देवेंद्रांकडे कारणं तयार असत. हलक्या लेन्समध्ये उजेड कमी शिरतो. संध्याकाळच्या सामन्यात खांबाशी सूर मारणारा गडी काळाठिक्कर येतो. पक्ष्यामागची झाडं हवी तशी विरघळत नाहीत. सगळी कारणं खरी होती, त्यामुळे खोटं बोलल्याचं पापही लागत नव्हतं.

खरं कारण वेगळं होतं. जड लेन्सचा एक गुण कुठल्याच जाहिरातीत सांगत नाहीत: हात थरथरला तर तिच्यावर ढकलता येतं. हलकी लेन्स हातात घेतली आणि तरीही थरथरला, तर मग कुणाचं नाव घ्यायचं?

वडिलांचं, म्हणजे नानांचं, असंच सुरू झालं होतं. कपबशी वाजायला लागली तेव्हा नाना म्हणाले, ही चिनी माती फार जड येते हल्ली. मग स्टीलचा कप आला, मग प्लॅस्टिकचा. घरात कप हलके होत गेले आणि हात जास्त हलत गेला. कंपवात हा शब्द डॉक्टरांनी फार उशिरा उच्चारला. त्याच्या कितीतरी आधीपासून आई नानांना कप अर्धाच भरून देत होती. त्यावर कोणी काही बोलत नसे. नानाही नाही.

त्या रविवारी मानसनं तलावावर आपली लेन्स देवेंद्रांच्या हातात कोंबलीच. "भिया, एक बार पकडो तो सही. मग नाही म्हणा."

वसुधा शेजारच्या बाकावर थर्मास घेऊन बसली होती, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. लेन्स खरोखरच हलकी होती, अपमान वाटावा इतकी. देवेंद्रांनी ती डोळ्याला लावली. पाणवेलींत एक जांभळी पाणकोंबडी उभी होती आणि ती, वेली, पाणी, पलीकडचा काठ, सगळा सिरपूर तलाव थडथड हलत होता. त्यांनी श्वास रोखला. कोपर बरगडीला दाबलं. तलाव थांबेना. नानांचा प्लॅस्टिकचा कप त्यांना स्पष्ट दिसला, फोकसमध्ये.

"अरे भिया, स्टॅबिलायझर बंद केला ना तुम्ही!" मानस हसला.

खरंच की. तोफ कायम एका पायाच्या स्टँडवर लावायची, आणि स्टँडवर ते बटण बंद ठेवायचं ही जुनी शिस्त. बोटानं सवयीनं ते खाली ओढलं होतं. मानसनं बटण वर केलं. पाणकोंबडी भिंतीवर टांगल्यासारखी स्थिर झाली. देवेंद्रांनी फोटो काढला. पिसन् पीस मोजून घ्यावं असा आला.

"हे बटण करतं काय?" वसुधानं विचारलं.

मानसनं उत्साहानं समजावलं, की हाताचं जे काही हलणं असेल ते लेन्स आतल्या आत गिळते, फोटोला पत्ताच लागत नाही. वसुधा म्हणाली, छान आहे.

देवेंद्रांना जीव परत आल्यासारखं झालं. हीच घ्यायची. गिळू दे. क्लबाला फोटो दिसतात, हात कुठे दिसतो? आणि वसुधाला तर त्यांनी कशाचाच सुगावा लागू दिला नव्हता. मानस पाणकावळ्यामागे गेला तसे ते जवळजवळ शीळ घालत बाकावर येऊन बसले.

वसुधानं थर्मासमधून चहा ओतला आणि कप पुढे केला. त्यांनी आत पाहिलं.

"अर्धाच?"

"संक्रांतीपासून अर्धाच देते," ती तलावाकडे बघत म्हणाली. "तुम्हाला वाटलं साखरेमुळे."

देवेंद्रांना शीळ घालायला तोंड कसं करतात तेच आठवेना. नानांनाही असंच कळलं असेल का, कपात बघून?

"बुधवारचा नंबर लावलाय, मेंदूच्या डॉक्टरांकडे," ती म्हणाली. "नुसतं वयही असेल. पण बघून घेऊ. लेन्स घ्यायची तर घ्या, मी नाही म्हणत नाही."

त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला. तो तोंडापर्यंत नेताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही आणि तिनं त्यांच्याकडे. चहा सांडला नाही. अर्धाच होता.