आईची कुजबूज

अमेरिकेतल्या डलूथला त्या दिवशी इतकी थंडी होती की मधल्या सुट्टीतही मुलांना बाहेर सोडलं नव्हतं. माझी दुसरीतली बावीस मुलं वर्गातच उधळली होती. एकजण बर्फात घालायचे बूट हातांत घालून घोडा झाला होता. पाच मिनिटांत हेडसर ट्यूमिनेन माझा तास पाहायला येणार होते आणि माझी नवी नोकरी टिकणार की नाही, ते त्यावरच ठरणार होतं.

आईनं याच शाळेत चाळीस वर्षं शिकवलं. ऑक्टोबरात देवाघरी जाण्याआधी ती म्हणाली होती, "आवाज चढवू नकोस, उतरव. गुपित ऐकल्याशिवाय मुलांना राहवत नाही."

मी कुजबुजत वजाबाकी सुरू केली. घोडा थांबला. मुलं पुढे सरकली आणि उत्तरंही कुजबुजतच देऊ लागली.

हेडसर आले, चवड्यांवर चालत जाऊन एका छोट्या खुर्चीत बसले. "आपण कुजबुजतोय कशाला?" त्यांनी शेजारी बसलेल्या छोट्या डेलियाला हळूच विचारलं.

"माहीत नाही. पण तुम्ही गप्प बसा, बाई सांगतायत ना."

तास संपेपर्यंत ते तोंडावर वही धरून हसत होते. जाताना माझ्या कानाशी वाकले. "तुझ्या आईनं मला दुसरीत असंच फसवलं होतं. पुढच्या वर्षीही हाच वर्ग घे."

मला मोठ्यानं हसू फुटलं. बावीस बोटं ओठांवर गेली. "शू, बाई."